कोपीतला पंप

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या दिवशी लातूर भागात कुणी आजारी पडू नये, असा सरकारनं एक नियमच करून ठेवायला हवा. त्या दिवशी दुकानं बंद, बाजार बंद, आणि डॉक्टरसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या शेतात भज्जीवर ताव मारत बसलेले. एरवी ज्या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते, तिथं दुपारी चिटपाखरू दिसत नाही. अख्खा मुलूख रानात गेलेला असतो. रानात त्या दिवशी आंबील मिळते, बाजरीचे उंडे मिळतात, बोरं मिळतात, वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीत बसवतात. मिळत नाही ते फक्त औषधाचं दुकान.

सिंधूला हे पाठ होतं. औशाजवळच्या त्या गावात लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही येळवस चुकवली नव्हती, आणि धाकट्या लेकराच्या बाळंतपणानंतर दमा मागं लागला तरी चुकवली नव्हती. सकाळी आंबिलीनं भरलेलं बिंदगं उचलण्याआधी तिनं कमरेची पिशवी चाचपली. निळा पंप जागेवर होता. घरातला दुसरा कधीच रिकामा झाला होता आणि नवा आणायचा राहून गेला होता. उद्या आणू, परवा आणू म्हणता म्हणता येळवस येऊन ठेपली.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "घरात कोंडून घेऊ नका. चाला, शेतात जा, काम करा. मेहनतीआधी दोन फवारे घ्या, नाकाला रुमाल बांधा आणि धुरापासून लांब राहा." सिंधूनं ते मनावर घेतलं. घरच्यांनी मात्र त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकला, दमा, आणि त्यावर गोधडी टाकली. नवरा रेवणसिद्ध तसा वाईट माणूस नव्हता. दवाखान्यात नेत होता, पंप आणून देत होता. पण त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं होतं, आणि घरात दमा आहे म्हटल्यावर पाहुणे उंबऱ्यावरूनच माघारी फिरतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "कुणी इचारलं तर उष्णता हाय मनून सांग," तो म्हणायचा. झालं, गावभर सिंधूला उष्णता झाली. बाया तिला वाटीभर सब्जा आणून द्यायच्या, ती गुमान प्यायची आणि वर "फरक पडायलाय" असंही सांगायची.

सासू निलावतीबाईंचा त्या पंपावर पहिल्यापासून राग. त्या त्याला भोंगा म्हणायच्या. "भोंग्याची सवय लागली की सुटत न्हाई," हे त्यांचं मत, आणि त्यांचं मत म्हणजे घरातला कायदा. सुनेनं घरात बसून भाकरी थापाव्यात, रानात बाकीचे आहेत, असं त्यांनी कितीदा सुनावलं. सिंधू ऐकायची नाही. घरात बसलं की भिंती अंगावर यायच्या आणि आठ दिवस चाललं नाही की पाण्याची घागर उचलतानाही धाप लागायची. रानात ती माणसात यायची. यंदा सोयाबीनच्या राशीला माणसं कमी पडली तेव्हा ती तोंडाला फडकं गुंडाळून, मध्येच बाजूला जाऊन पंप ओढून, शेवटचं पोतं शिवेपर्यंत उभी राहिली. निलावतीबाई बांधावर बसून ते बघत होत्या. तेव्हापासून त्यांची बडबड थांबली. सून घराबाहेर पडायला लागली की त्याच मागून विचारायच्या, "भोंगा घेतलीस का गं?"

सकाळी सिंधू डांबरी रस्त्यानं चालायला जायची, त्यालाही गाव हसायचं. शेतकऱ्याच्या बायकोला फिरायला जायची काय हौस, म्हणे. ती नाकाला स्कार्फ बांधून चालत असायची आणि शेजारून रोज एक पोरगी पळत पुढं जायची. आनंदराजची लेक प्रियदर्शनी. पोलीस भरतीची तयारी करत होती. आनंदराजचं शेत त्यांच्या शेताला लागूनच होतं, पण येळवशीला आठ शेतं हिंडून जेवणारं रेवणसिद्धचं घर त्या शेतात कधी बसलं नव्हतं. आनंदराजचं घर बौद्ध, एवढं एक कारण सगळ्यांना पुरत होतं. सिंधू त्या पोरीची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची आणि तिला हेवा वाटायचा, अगदी पोटातून. काय छाती दिलीय पोरीला! पुलाजवळ पोरगी रोज थांबायची, पाठ फिरवून खाली वाकायची, बुटाची नाडी बांधायची आणि पुन्हा पळत सुटायची.

तर येळवस. दिवस झकास गेला. हरभरा फुलावर आलेला, ज्वारी पोटऱ्यात, हवेत बोचरा गारवा. शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांच्यापुढं दिवा. लातूरचे, सोलापूरचे पाहुणे आले होते. सिंधू वाढत होती. वाकलं की कमरेची पिशवी भज्जीच्या पातेल्यात लोंबायची, म्हणून तिनं ती सोडून कापडी थैलीत ठेवली. बांधापलीकडं आनंदराजच्या शेतात यंदा मांडव होता आणि एक पांढरी गाडी उभी होती. नांदेडचे पाहुणे प्रियदर्शनीला बघायला आले होते. मुलगा सरकारी नोकरीत, असं एव्हाना सगळ्या शिवाराला कळलं होतं. हिरवी साडी नेसलेली प्रियदर्शनी हातात ताट घेऊन अगदी हळू हळू चालत होती. रोज पळताना बघितलेल्या पोरीला असं चालताना बघून सिंधूला हसूच आलं.

दिवस कलला तसा हेंडग्याचा गलका सुरू झाला. कडब्याची पेंढी कोपीतल्या दिव्यावर पेटवायची आणि ती घेऊन ओरडत पिकाभोवती पळत सुटायचं, ही रीत. सिंधूचा दरसालचा बेत ठरलेला असायचा. हेंडगा पेटण्याआधी दोन फवारे घ्यायचे आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, विहिरीपाशी जाऊन बसायचं. धूर आपल्या वाटेनं जातो, आपण आपल्या. तिनं थैली उघडली. पिशवी होती, पिशवीत पंप नव्हता.

तिनं थैली उलटी केली. चमचे, डब्याचं झाकण, पोरांचे मोजे. एवढ्यात धाकटा दीर संगप्पा पेटती पेंढी खांद्यावर घेऊन "ओलग्या, ओलग्या" करत कोपीपासून निघाला आणि सगळी माणसं त्याच्यामागं पळाली.

"आत्याबाई, माझा पंप बगितलाव का?"

निलावतीबाईंच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की सिंधूनं ते आजवर कधी पाहिलं नव्हतं. लाजल्याच त्या. "कोपीत ठिवलाय," त्या म्हणाल्या. "इळा पुजायलो, खुरपं पुजायलो. ज्याच्यावर माझ्या सुनंचा जीव हाय त्याला कामून पुजू न्हाई? हळदीकुंकू लावलाय पांडवापशी."

दोघींनी एकदमच कोपीकडं पाहिलं. हेंडगा पेटवताना पडलेली ठिणगी कडब्यात धुमसत होती. कोपीच्या शेंड्यातून आधी पिवळा धूर आला, मग एकाएकी सगळी कोप भडकली. माणसं शेताच्या त्या टोकाला. सिंधू वेड्यासारखी धावली, आणि तिथंच घात झाला. धुराचा लोट तोंडावर आला आणि कोपीतून फट्ट करून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. पोरांना वाटलं फटाका, त्यांनी टाळ्या पिटल्या.

तो पंप फुटला, हे निलावतीबाईंना कळलं आणि त्या सुनेकडं धावल्या.

दमेकऱ्याला हवा मिळत नाही असं लोक म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. हवा आत जाते, ती बाहेर येत नाही, म्हणून नवी आत मावत नाही. सिंधूच्या छातीत ती जुनी धुरकट हवा ठासून बसली. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, खांदे वर ओढून ओढून श्वास घ्यायला लागली, आणि प्रत्येक श्वासाला शीळ वाजायला लागली. आजवर प्रत्येक वेळी हात कमरेला गेला होता आणि पंप मिळाला होता. आताही हात कमरेलाच गेला. तिला भीती वाटली. लेकरं कुठं आहेत ते बघावं म्हणून तिनं मान वळवली, पण धुरात काही दिसेना.

रेवणसिद्ध पळत आला. त्यानं एकशे आठला फोन लावला. गाडी लांबून येणार होती, पाणंदीच्या चिखलात उतरणार नव्हती, डांबरीवर येऊन थांबा म्हणाले. गावातलं मेडिकल बंद, मेडिकलवाला नदीपलीकडं त्याच्या सासऱ्याच्या शेतात, फोन उचलेना. औशाचा सरकारी दवाखाना उघडा असणार, पण तिथवर जायला वेळ लागणार होता, आणि वेळ तर नव्हता. त्यानं मोटारसायकल काढली, मध्ये सिंधू, मागं तिला मिठी मारून निलावतीबाई. शेवटी सासूनं स्वतःची शाल सोडून सुनेला नवऱ्याच्या पाठीशी बांधलं.

पाणंदीच्या तोंडालाच आनंदराजचं शेत. मांडवातली माणसं उठून बघायला लागली. आनंदराजनं हात वर करून "काय झालं?" असं विचारलंसुद्धा. रेवणसिद्धनं गाडी थांबवली नाही. सवयच ती. वर्षानुवर्षं ज्या शेतावरून तो नुसता पुढं गेला होता, त्यावरून आजही पुढंच गेला.

गाडी थांबली ती मलप्पाच्या शेतात, मलप्पा भावकीतला. रेवणसिद्धनं त्याला बाजूला घेतलं आणि कानाशी लागून म्हणाला, "जरा औषध पायजे होतं. हिची छाती भरलीय."

छाती भरलीय म्हटल्यावर काय, ज्याला त्याला उपाय माहीत. एकीनं कांदा फोडून नाकाशी धरला. एकीनं गूळ-पाणी आणलं. कुणी म्हणालं भज्जी बाधली, कुणी म्हणालं उतारा टाका, मलप्पाची म्हातारी आई तर पाठीवर असे दणके घालायला लागली की उरलासुरला श्वासही निघून जावा. "उष्णतंची हाय ती पैल्यापासून," एक बाई दुसरीला सांगत होती. सिंधूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटत नव्हता. एक शब्द. फक्त एक शब्द हवा होता आणि तो नवऱ्याच्या घशात अडकला होता.

तिथून निघून ते डांबरीला लागले. एकशे आठच्या गाडीचा पत्ता नव्हता. रस्त्याच्या कडेलाच चंद्रप्पाचं शेत, तिथं ही मोठी पंगत. सिंधूला आता मान धरवेना, ती शालीतून घसरायला लागली, तेव्हा रेवणसिद्धनं मोटारसायकल उभी केली आणि तिला कडेच्या दगडावर टेकवलं. माणसं जमली. पुन्हा तेच. "काय झालं?" "चक्कर आली." "छाती भरलीय." जमलेल्या बायांत सिंधूला एक चेहरा दिसला आणि तिचा जीव एकदम उसळला. चंद्रप्पाची भावजय! मागल्या महिन्यात लातूरच्या दवाखान्यात ही तिच्या समोरच्या बाकावर बसली होती, पदर नाकापर्यंत ओढून. आत गेली तेव्हा डॉक्टरीणबाई तिला पंप कसा ओढायचा ते दाखवत होत्या, दार अर्धं उघडंच होतं. दोघींनी एकमेकींना ओळखलं होतं आणि ओळख दिली नव्हती. सिंधूनं तिच्याकडं हात केला. त्या बाईनं सिंधूकडं पाहिलं, शेजारी उभ्या आपल्या सासूकडं पाहिलं, आणि मान खाली घालून ती मागं सरकली.

तिला दोष देण्यात अर्थ नाही, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. दगडावर बसून नखं निळी पडताना बघणाऱ्या बाईला तो समजूतदारपणा परवडत नाही. सिंधूला त्या क्षणी तिचा इतका राग आला, की तेवढ्यानंच आणखी दोन श्वास ओढले गेले. मग तिनं नवऱ्याच्या पिंढरीवर बुक्क्या मारायला सुरुवात केली. उजव्या हाताची मूठ तोंडाजवळ नेऊन पंप दाबल्याची खूण केली, त्याच्याकडं बघितलं, पुन्हा बुक्की मारली. सांग. सांग की रे बाबा. मेल्यावर काय उष्णतेनं मेली म्हणून सांगणार आहेस?

रेवणसिद्धचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो रस्त्याच्या मधोमध जाऊन ओरडला.

"दमा हाय! माझ्या बायकोला दमा हाय! पंप हाय का कुणापशी? दम्याचा पंप!"

तो चारी दिशांना तोंड करून ओरडत होता, घसा फुटेपर्यंत ओरडत होता. निलावतीबाई जमलेल्या एकेका माणसापुढं हात जोडत होत्या, "हाय का हो कुणापशी? भोंगा मनतेत बगा त्याला, निळा असतोय, मीच जाळले, मीच जाळले वो." सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते. इतक्या सगळ्या माणसांत एकालाही दमा नव्हता. एकालाही नाही.

सिंधूच्या कानातला आवाज लांब जायला लागला होता. शीळही बंद झाली होती, आणि शीळ बंद होणं हे चांगलं लक्षण नव्हे, हे तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. समोर रस्त्यापलीकडं हरभऱ्याचं शेत होतं. त्या हिरव्या शेतातून काहीतरी हिरवंच पळत येत होतं. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात चप्पल नाही, केसांतला गजरा सुटून पाठीवर लोंबतोय. ते पळणं सिंधूच्या ओळखीचं होतं. रोज सकाळी तिनं ते बघितलं होतं.

प्रियदर्शनीनं रस्ता ओलांडला, गुडघ्यांवर बसली, ब्लाउजमधून पंप काढून खडखड हलवला आणि सिंधूच्या ओठांत धरला.

"सोडा श्वास काकू. जेवढा सुटतोय तेवढा सोडा. आता ओढा. धरून ठिवा... ठिवा... सोडा." पुन्हा हलवला. "आनखी एकदा."

पहिला फवारा गेला तो कुठं गेला कळलंच नाही. दुसराही. तिसऱ्याला छातीत कुठंतरी बारीकशी फट पडली. चौथ्याला शीळ परत आली, आणि ती शीळ ऐकून सिंधूला रडू फुटलं. निलावतीबाई दोन्ही हातांनी त्या पोरीचं डोकं कुरवाळत होत्या. पोरीच्या तोंडचं सुनेच्या तोंडात गेलं, याचं त्यांना भानही नव्हतं.

पंप दाबणारा तो हात बघताना सिंधूला पूल आठवला. पाठ फिरवून खाली वाकलेली पोरगी आठवली. रोज, त्याच जागी. नाडी सुटायची कसली!

तोवर ती पांढरी गाडी पाणंदीतून डांबरीवर आली होती. शेजारून आनंदराज धापा टाकत पळत येत होता. गाडी थांबली, काच खाली झाली. मागच्या सीटवर जरीच्या साडीतल्या बाई होत्या, त्यांच्या पलीकडं मुलगा मोबाइलकडं बघत बसला होता.

"हा पंप कुणाचा आहे?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, उलट फार नीट होता.

आनंदराज म्हणाला, "ते काय हाय बाई, तिच्या मैतरणीचा..."

"माझा हाय," प्रियदर्शनी म्हणाली. पंप सिंधूच्या हातात देऊन ती उभी राहिली होती. ताठ उभी होती, तोंड मिटून नाकानं श्वास घेत होती. "शाळंत असल्यापासून हाय."

"आणि धावतेस तू?"

"हाव. पंप घेते आन् धावते."

सिंधूला बोलायचं होतं. तिला त्या बाईंना सांगायचं होतं, की हिच्यासारखी धावणारी पोरगी या शिवारात दुसरी नाही, की आत्ताच तुमच्या डोळ्यांदेखत हिनं काय केलं ते बघा, की असली सून मिळायला नशीब लागतं. तिनं दगडाला धरून उठायचा प्रयत्न केला, तोंड उघडलं. "पोरगी..." एवढंच बाहेर आलं आणि खोकल्याची उबळ आली. रेवणसिद्ध पुढं झाला. "बाई, आयका जरा, तिनं माझी बायको..." काच वर गेली. गाडी त्याला वळसा घालून नांदेडच्या दिशेनं निघाली. आनंदराज दोन पावलं तिच्यामागं गेला आणि रस्त्यातच थांबला.

कडेची धूळ उडून सगळ्यांच्या अंगावर आली. धूळ बसेपर्यंत प्रियदर्शनी तशीच ताठ उभी होती. मग तिचे खांदे वर चढले. सिंधूच्या ते आधी ध्यानात आलं नाही, तिला वाटलं पोरगी रडतेय. मग तिला शीळ ऐकू आली, आणि ती तिच्या स्वतःच्या छातीतली नव्हती. एवढं रान पळत आलेली, धुरातून आलेली, येण्याआधी एकही फवारा न घेतलेली ती पोरगी इतका वेळ श्वास दाबून उभी होती. तिनं एकदा सिंधूच्या हातातल्या पंपाकडं पाहिलं. मागितला नाही. जमलेल्या माणसांकडं पाहिलं आणि सवयीनं पाठ फिरवली.

सिंधूनं तिचा पदर धरून तिला दगडावर आपल्या शेजारी खाली ओढलं. पंप हलवला आणि तिच्या तोंडापुढं धरला.

"घे गं माय," ती म्हणाली. एवढं वाक्य बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. "घे. आता कोन बगायचं ऱ्हायलंय?"